लिंबामामांचा दगड

प्रिय ईशान आणि रेवा,

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. जुना वळणावळणाचा रस्ता, कडेला तंबू, शनिवारी सराव आणि रविवारी शर्यत. गाड्याही दिसायला रोजच्या रस्त्यावरच्या गाड्यांसारख्याच. खाली ईशानने लिहिलं होतं, "आजी, तुमच्या बीडकडे असलं काही नसेल ना?" मी उत्तर लिहायला घेतलं आणि त्याच आठवड्यात सुमन घरी आली. लिंबामामांची मुलगी. मामा गेले, एवढं सांगून ती ओट्यावर बसून राहिली. तिला चहा दिला, ती गेली, आणि मग मी फोनवरचं उत्तर पुसून वही घेतली. हे चार ओळींत सांगण्यासारखं नाही.

तर ईशान, असलं आमच्याकडे होतं. आणि त्यातला मला सगळ्यात चांगला आठवणारा माणूस म्हणजे, आधी दरवर्षी पहिला येणारा पण एका वर्षी मुद्दाम शेवटी गेलेला.

लिंबामामांची आणि माझी पहिली भेट केजच्या स्टँडबाहेर झाली. तुमच्या आजोबांची नोकरी केजला होती आणि मला धारूरच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची जागा मिळाली होती. पहिल्याच दिवशी एस.टी. चुकली. स्टँडबाहेर जीप उभ्या असत. त्यातली एक उतारावर, तोंड खाली करून उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाखाली एक काळा दगड होता. मी चालकाशेजारी बसले. डोक्याला मुंडासं बांधलेला, उंच, हाडकुळा माणूस खाली वाकला, दगड काढला, पदराने पुसावा तसा उपरण्याने पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"धरा बाई."

मी इस्त्रीची पांढरी साडी नेसले होते. "हे काय?"

"ह्यो आपला हँडब्रेक. खाली ठिवला तर पायात लोळतोय, मंग बिरेक दाबता येत न्हाई. पडू देऊ नका."

त्यांनी बसून गिअर काढला तशी जीप उतारावरून आपोआप घरंगळली, मग धक्का खाऊन सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, नव्या बाईला आल्या आल्या कामाला लावलंव का?" मामा म्हणाले, "शिकलेल्या हायेत. जड वस्तू सांभाळायची सवय असती." धारूर येईपर्यंत तो दगड मी मांडीवर धरून बसले होते. एका बाजूने जाड, दुसरीकडे निमुळता, पाचरीसारखा. चाकाला घासून घासून गुळगुळीत झालेला. शाळेत पोचले तेव्हा साडीवर काळा डाग होता आणि मुख्याध्यापकांनी तो पाहून फक्त एवढंच विचारलं, "लिंबाच्या जीपने आलात वाटतं?"

पुढे कळलं, की मामा जुन्या घाटावरच्या वस्तीचे. धारूरच्या डोंगरात नवा रस्ता झाला त्याच्या कितीतरी आधीपासून तो दगडी घाटरस्ता आहे. निजामाच्या वेळी डागडुजी झालेला, किल्ल्याकडे जाणाऱ्या बैलांसाठी त्याहून आधी फोडलेला. नवा रस्ता झाल्यावर मोठ्या गाड्या तिकडून जायला लागल्या आणि जुना घाट फक्त वरच्या वस्त्यांचा उरला. त्या वस्त्यांवर म्हशी होत्या आणि म्हशींमुळे दूध सोसायटी होती. मामा सोसायटीची जीप चालवायचे. सकाळी दुधाचे कॅन खाली, मग दिवसभर केज-धारूर प्रवासी, संध्याकाळी परत कॅन.

दुधाच्या वेळेत ते कुणासाठी थांबत नसत. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एका पुढाऱ्याची गाडी घाटात बंद पडली. त्यांनी हात केला. मामांनी वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. खिडकीतून म्हणाले, "दूध थांबत न्हाई साहेब. पळत या आन् कॅनवर बसा." पुढारी खरोखर पळत आले आणि कॅनवर बसून खाली गेले. वर्षभर तो माणूस सभेत सांगायचा, की मी सामान्य शेतकऱ्याबरोबर प्रवास करतो.

आता शर्यत. चैत्रात घाटमाथ्यावरच्या भैरोबाची जत्रा भरते. पूर्वी त्या दोन दिवसांत घाटात बैलांचे छकडे पळायचे, मग जीप आल्या आणि जीप पळायला लागल्या. नियम एकच होता आणि तो मामा मोठ्याने सांगायचे : "जशी धंद्यावर, तशी शर्यतीत." म्हणजे मागची बाकं काढायची नाहीत, इंजिनात काही घालायचं नाही, वरचं कापडी हूडसुद्धा उतरवायचं नाही. रस्ता अरुंद, म्हणून पायथ्यापासून वर एकेक गाडी सोडायची आणि वेळ लावायची. गावात थांबतं-चालतं घड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच, एकच, शाळेच्या खेळाच्या कपाटातलं. त्यामुळे वेळ लावायला बाई, म्हणजे मी. दरवर्षी मामा मला घ्यायला यायचे आणि दगड माझ्या मांडीवर द्यायचे. मी जुन्या साड्या त्यासाठी राखून ठेवायला शिकले.

पहिला नंबर मामांचा, दुसरा याकूबचा. याकूब धारूरचा. वडील फळांचा गाडा लावायचे, याने कर्ज काढून जीप घेतली होती. मामांपेक्षा वयाने निम्मा आणि तोंडाने दुप्पट. "मामू, औंदा तरी म्हातारे व्हा," असं तो दरवर्षी म्हणायचा. मामा म्हणायचे, "उतारावर समदेच डायवर असत्यात, याकूब्या. चढावर कळतंय. आन् पळवायच्या आधी थांबवायला शिक, बे."

मग तो दुष्काळ आला. एक वर्ष पाऊस कमी पडला, दुसऱ्या वर्षी पडलाच नाही. वरच्या वस्त्यांच्या विहिरींत दगड दिसायला लागले. बायका घाट उतरून पायथ्याच्या विहिरीवर यायच्या आणि डोक्यावर घागर घेऊन चढून जायच्या. माणसांपुरतं पाणी तसं भागलं असतं. म्हशीचं कसं भागणार? मामांचा धाकटा भाऊ घर बंद करून ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिला. उरलेल्यांनी ठरवलं होतं, की जत्रा झाली की म्हशी केजच्या बाजारात न्यायच्या. म्हशी गेल्या की सोसायटी संपली. मामा एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "बाई, वस्ती रिकामी झाली की रस्ता मरतोय. आन् रस्ता मेला की वस्ती परत भरत न्हाई."

पाण्याचे टँकर त्या वर्षी सगळीकडे फिरत होते. घाटावर मात्र येत नव्हते. रस्ता भरल्या टँकरला चालणार नाही, असं कागदावर होतं आणि ते अगदी चूक होतं असंही नाही. वळणं इतकी आखूड, की लांब गाडी एका दमात वळत नाही. अर्ध्यात थांबायचं, मागे घ्यायचं, पुन्हा वळवायचं, आणि मागे कठड्यापलीकडे दरी. मामा टँकरचं काम बघणाऱ्या साहेबांकडे जत्रेचं आमंत्रण घेऊन गेले. साहेब तरुण होते, सरळ होते. बक्षीस द्यायला दरवर्षी कुणीतरी साहेब येतच असे.

"या साहेब. औंदा टँकर पळवणार हाय शर्यतीत."

"भरलेला?"

"भरलेला. तुमच्या डोळ्यांदेखत वर नेला तर?"

साहेब म्हणाले, "तर दुसऱ्या दिवसापासून खेपा सुरू करतो. पण नाही गेला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही मामा."

"न्हाई काढणार," मामा म्हणाले.

जत्रा कमिटीत यावर गोंधळ झाला. काही जण म्हणाले, दुष्काळात शर्यतच कावून पाहिजे? मामा म्हणाले, "साहेब लोक घाटात कधी येत्यात? जत्रेला. आन् समदा गाव मिळून रस्त्यावरचे धोंडे कधी उचलतोय? जत्रेच्या आधी. मंग शर्यत न्हाई तर काय करू, अर्ज करू?" शेवटी ठरलं, की टँकर सगळ्या जीपनंतर, शेवटी सोडायचा. अडकला तर निदान शर्यत तरी झालेली असेल.

टँकर म्हणजे सोसायटीने पूर्वी दूध नेण्यासाठी घेतलेली जुनी गाडी. दूध आटल्यावर ती उभीच होती. आणि सोसायटी म्हणजे शेवंताबाई. त्या चेअरमन होत्या. काळ्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की त्या खालच्या विहिरीवरून बोलल्या तर वरच्या म्हशी कान टवकारतील. त्यांच्या तीन म्हशी होत्या आणि रोज त्याही घागर घेऊन घाट चढत होत्या. चेअरमन म्हणून सवलत घेत नव्हत्या.

शनिवारी सराव. मामांनी तोवर टँकर सपाट रस्त्यावर चालवला होता, घाटात जीप. त्यांनी हिशेब केला, की पहिल्या दिवशी ओझं हलकं ठेवावं, वळणांचा अंदाज घ्यावा. म्हणून टाकी अर्धीच भरली. मी पहिल्या वळणाच्या वर उभी होते. गाडी वळणात शिरली, अर्ध्यात थांबली, मागून चालणाऱ्या पोराने चाकाखाली दगड सारला, आणि मग जे झालं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गाडी थांबली, पण आतलं पाणी थांबलं नाही. टाकीच्या आत धप्पकन् आवाज झाला, आणि उभ्या गाडीला कुणीतरी आतून ढकलावं तशी ती मागे सरकली. चाकाखालचा दगड निसटला. मागचं चाक कठड्याला लागलं आणि कठड्याचे दोन धोंडे दरीत गेले. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागला.

मामांनी गाडी सावरली. मग तसेच, अंगुळ अंगुळ मागे घेत पायथ्याला आणली. ते गाडीतून उतरले तोवर मीही खाली पोचले होते.

याकूब तिथेच होता. "मामू, शर्यत हाय का जनाजा?" तो म्हणाला. दोन-चार जण हसले.

कमिटीची माणसं आली. म्हणाली, मामा, आता पुरे. अर्ध्याला ही गत, भरला तर काय होईल? मामा जमिनीवर उकिडवे बसून दगडाकडे बघत होते. मला वाटलं, झालं, आता नाही म्हणतील.

तेवढ्यात शेवंताबाई विहिरीकडून आल्या. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. त्या थांबल्यासुद्धा नाहीत, चालता चालता म्हणाल्या, "लिंबाभाऊ, कोन म्हनलं तुमाला अर्धी भरायला?"

"हलकी केली, शेवंता."

आता त्या थांबल्या. "हलकी? अर्धी घागर घिऊन घाट चढून बघा एकदा. मान मोडती. पाऊल टाकलं की पानी एकीकडं, आपन दुसरीकडं. आमी कदी अर्धी नेतो का? गळ्यापतूर भरतो, तवा ती गप बसती." त्यांनी डोकं दोन्हीकडे हलवून दाखवलं. घागरीतून थेंब सांडला नाही.

मामांनी वर पाहिलं. मग ते हसायला लागले. गुडघ्यावर हात मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "एवढी वर्सं तुझ्या मागून जीप नेली गं, शेवंता. हार्न वाजवला, पन बघितलं न्हाई."

"हार्न लई वाजवता," शेवंताबाई म्हणाल्या आणि चढायला लागल्या.

रविवारी ऊन तापायच्या आत जीप सुटल्या. मी माथ्यावर भैरोबाच्या पाराशी घड्याळ घेऊन बसले होते. तिथून घाटाची सगळी वळणं खाली दिसतात. वेळा सांगत नाही, कारण त्या वर्षी त्या पुढे कुणी विचारल्याच नाहीत. पहिला आला याकूब. इतक्या वर्षांनी त्याला फेटा बांधला, हलगी वाजली, पोरांनी त्याला उचललं. सगळ्या जीप माथ्यावर ओळीने उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीच्या चाकाखाली आपापला दगड. साहेब खुर्चीवर बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खाली बघितलं.

खाली टँकर भरत होता. शेवंताबाई स्वतः टाकीवर चढून झाकणातून बघत होत्या. झाकणाला पाणी टेकलं तेव्हा त्या उतरल्या, मामांचा दगड उचलला आणि गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी पुरुष पुढे झाला, तर म्हणाल्या, "बाजूला व्हा. म्हशी माझ्या हायेत."

टँकर निघाला. शर्यत म्हणावी असं त्यात काही नव्हतं. माणूस चालतो त्याहून थोडा जास्त वेग. पहिलं वळण आलं. गाडी अर्ध्यात थांबली, शेवंताबाईंनी दगड सारला, आणि माथ्यावर आम्ही सगळे कान देऊन ऐकत राहिलो. आवाज आला नाही. पाणी गप्प बसलं होतं. मामांनी मागे घेतलं, पुन्हा वळवलं, पुढे काढलं. दुसरं वळणही तसंच गेलं. हलगी बंद झाली होती.

शेवटून दुसरं वळण सगळ्यात वाईट. तिथे चढही जास्त आणि रस्ता दरीकडे कललेला. गाडी थांबली. शेवंताबाईंनी दरीकडच्या चाकाखाली दगड लावला, पण ओझं इतकं होतं की दुसरं चाक खडीवर फिरायला लागलं आणि गाडी तिरकी होऊ लागली. एक दगड, दोन चाकं. शेवंताबाई ओरडल्या. काय ओरडल्या ते गलक्यात कळलं नाही, पण काय हवंय ते माथ्यावरच्या प्रत्येक चालकाला कळलं.

याकूब उठला. त्याने आपल्या जीपच्या चाकाखालचा दगड ओढून काढला. त्याची जीप मागे घरंगळली आणि पाराला जाऊन टेकली, ते त्याने बघितलंही नाही. दगड छातीशी धरून तो आडवाटेने उतरला. फेटा वाटेतच सुटला आणि एका बाभळीला अडकून राहिला. धावत जाऊन त्याने दगड दुसऱ्या चाकाखाली सारला आणि त्यावर पाय रोवून उभा राहिला.

"मामू, घ्या पुढं. मी हाय."

खिडकीतून मामांचा आवाज आला, आम्हालाही ऐकू आला. "पाय काढ बे तिथून आधी. शर्यत जिंकली आन् अक्कल हरवली का?"

माथ्यावर कुणीतरी हसलं आणि मग एकेक करून सगळे चालक आपापले दगड काढून खाली पळाले. जीप कुठे कुठे टेकल्या, एक तर साहेबांच्या मोटारीला जाऊन चिकटली, पण साहेब उभे राहून खालीच बघत होते. शेवटच्या वळणावर टँकरच्या प्रत्येक चाकाखाली दगड होता आणि प्रत्येक दगडामागे एक माणूस होता. गाडी वीतभर पुढे गेली की दगड वीतभर पुढे. शेवंताबाई मागून सांगत होत्या, "आता. थांबा. आता." आणि सगळे पुरुष त्यांचं ऐकत होते.

टँकर पाराशी आला तेव्हा साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, यांची वेळ किती?"

मी सांगणार तेवढ्यात मामा खाली उतरले. तोंड धुळीने पांढरं झालं होतं. म्हणाले, "साहेब, घड्याळ राहू द्या. आधी म्हशी पानी पित्यात का बघू."

वस्तीच्या हौदात पाणी सोडलं. शेवंताबाईंच्या म्हशीने तोंड घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. साहेबांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून खेपा सुरू झाल्या. म्हशी केजला गेल्या नाहीत. मामांना त्या दिवशी कुणी फेटा बांधला नाही. याकूबने बाभळीवरून स्वतःचा काढून आणला, तर मामा म्हणाले, "फाटलेला हाय की रे. ठिव तुलाच. पहिला आलास."

त्यानंतर मामा शर्यतीत पळाले नाहीत. नजर होती तोवर दरवर्षी जत्रेला टँकर मात्र त्यांनीच वर नेला. पाऊस चांगला झालेल्या वर्षीही नेला. मी एकदा विचारलं, "मामा, या वर्षी तर विहिरी भरल्यात. मग टँकर कशाला?" ते म्हणाले, "बाई, भरलेली गाडी वर जाती, हे रस्त्याच्या ध्यानात राहिलं पायजे. आन् पोरांच्याबी."

शेवटची काही वर्षं त्यांची नजर गेली होती. तरी जत्रेला याकूब त्यांना जीपमधून माथ्यावर आणून बसवायचा. ते नुसते आवाजावरून सांगायचे, "अर्धी हाय रं ती. कोन हाय तो? खाली पाठवा, भरून आना." आणि खरोखर झाकण उघडलं की टाकी कमी भरलेली निघायची.

परवा त्यांना वस्तीवरच, घाटाच्या कडेला अग्नी दिला. मी वयामुळे वर गेले नाही. सुमनने सांगितलं, की याकूबने मामांचा दगड त्यांच्यासोबत ठेवायला निघालेल्यांना अडवलं. म्हणाला, दगड कामाचा आहे. तो आता त्याच्या जीपमध्ये असतो आणि शेजारी जो बसेल त्याच्या मांडीवर. तुम्ही आलात तर तुमच्याही मांडीवर येईल. पांढरे कपडे घालू नका.

जुना घाट अजून वापरात आहे. जत्रेची शर्यत होते, आणि भरलेला टँकर माथ्यावर आल्याशिवाय ती संपली असं कुणी म्हणत नाही. सोसायटी लहान आहे, पण आहे. वरच्या वस्तीवरून आज सकाळीही दूध खाली आलं.

तुमची,
आजी